रोझमेरीचे गणगोत

रोझमेरी रत्नागिरीच्या रानात उगवत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झेलणारी ही जांभ्याची भूमी. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरची. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे मुळाशी पाणी साचलेले तिला सोसत नाही. कुंडीत लावून पागोळ्यांपासून दूर ठेवली तर ती इथे तग धरते, एवढेच. तरीही रोझमेरीचे वर्गीकरण समजून घ्यायला रत्नागिरीपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. 'रोझमरायनस' ही तिची स्वतंत्र प्रजाती मोडून तिला 'साल्व्हिया' या मोठ्या प्रजातीत सामील करावे, असे २०१७ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुचवले आणि पुढच्या काही वर्षांत ते बऱ्याच ठिकाणी स्वीकारलेही गेले. लिनिअसने १७५३ साली दिलेले, अडीचशेहून अधिक वर्षे रुळलेले नाव असे बदलणे अनेकांना रुचले नाही. पण ज्या नियमाने ते बदलले, तोच नियम त्याआधी रत्नागिरीतल्या तीन अगदी ओळखीच्या वनस्पतींना लागू झाला होता. डोंगरउतारावरचा साग, बांधावरची घाणेरी आणि भाट्याच्या खाडीतला तिवर या त्या तीन वनस्पती. यांच्या बाबतीत तो नियम पटला, तर रोझमेरीच्या बाबतीत तो नाकारायला आधार उरत नाही, असे माझे म्हणणे आहे आणि ते या प्रकरणात मांडायचे आहे.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. आजही महाराष्ट्रातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला ती हाताशी ठेवावी लागते. या ग्रंथात साग, घाणेरी आणि तिवर हे तिन्ही व्हर्बिनेसी या एकाच कुलात आहेत. त्यांच्याच सोबत निर्गुडी, शिवण आणि जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात पावसाळ्यात होते ती भारंगीही आहे. तुळस, सब्जा, कुंभा, दीपमाळ यांचे कुल वेगळे, लॅबिएटी. त्यालाच आज लॅमिएसी म्हणतात आणि मराठीत तुळशीचे कुल. कुक यांनी ही विभागणी मनाने केली नव्हती. जॉर्ज बेंथम आणि जोसेफ हुकर यांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेली पद्धत त्यांनी पाळली होती, आणि बेंथम हा तर तुळशीच्या कुलाचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार. तेव्हा इथे कोणाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न नाही. जी खूण त्यांनी प्रमाण मानली, ती एवढे ओझे पेलणारी होती का, हा खरा प्रश्न आहे.

खूण अशी होती. तुळशीच्या फुलातला अंडाशय चार फुगवट्यांचा असतो आणि कुक्षीवृंत, म्हणजे परागकणाची नलिका ज्यातून खाली उतरते ती बारीक दांडी, त्या चार फुगवट्यांच्या मधून, अगदी बुडातून वर येते. साग, घाणेरी आणि तिवर यांत अंडाशय अखंड गोळ्यासारखा असतो आणि कुक्षीवृंत त्याच्या शेंड्यावर असतो. पहिला प्रकार असला की लॅबिएटी, दुसरा असला की व्हर्बिनेसी. त्यातून व्हर्बिनेसीत झाडे, झुडपे, गराची फळे पुष्कळ आणि लॅबिएटीत बहुतेक छोटी, सुगंधी झुडपे, त्यामुळे ही भिंत डोळ्यांनाही पटत असे. पण शेंड्यावरचा कुक्षीवृंत ही सपुष्प वनस्पतींतली सर्वसाधारण, जुनी रचना आहे. आंब्यापासून जास्वंदीपर्यंत असंख्य फुलांत तो थोड्याफार फरकाने तसाच सापडतो. जे अनेकांनी पूर्वजांकडून जसेच्या तसे राखून ठेवले आहे, त्यावरून त्या राखणाऱ्यांचे आपसातले जवळचे नाते सिद्ध होत नाही. नाते सिद्ध होते ते नव्याने आलेल्या आणि वारसांत उतरलेल्या खुणेवरून. व्हर्बिनेसीची जुनी पेटी ही अशा रीतीने 'ज्यांच्यात नवे काही झाले नाही' अशांची पेटी होती.

वर्गीकरण नात्यावरूनच का करायचे, हा पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हलका नाही. माणसे वनस्पतींची विभागणी कायम उपयोगावरून करत आली आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आहे. त्यात सागासोबत आंबा आणि फणसही येतात, कारण तिन्हींचे लाकूड आरमाराच्या कामाचे. शिवाय रयतेने पोराबाळांसारखी वाढवलेली आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, ही ताकीदही आहे. जहाज बांधणाऱ्याला आणि राज्य चालवणाऱ्याला हीच विभागणी हवी. वैद्याला निर्गुडी आणि एरंड सांधेदुखीसाठी जवळजवळ ठेवावेसे वाटतात, स्वयंपाक करणाऱ्याला पुदिना आणि कोथिंबीर. या विभागण्या चूक नाहीत. त्या एकेका कामापुरत्या आहेत आणि काम बदलले की निरुपयोगी ठरतात. नात्यावरची विभागणी मात्र ज्या प्रश्नांचा आपण अजून विचारही केलेला नाही, त्यांनाही उपयोगी पडते. एका वनस्पतीत एखादे द्रव्य सापडले तर ते आणखी कुठे शोधावे, एका पिकावरची कीड कोणत्या रानटी झुडपावर आसरा घेईल, कोणत्या रानटी जातीशी संकर करून पाहता येईल, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. कारण वारसा हेच सारखेपणाचे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून ज्याला सर्वसाधारण वर्गीकरण म्हणायचे ते वंशावळीवर उभे असावे, आणि प्रत्येक गटात एका पूर्वजाचे सगळे वारस असावेत, हा आजचा नियम मला योग्य वाटतो.

या नियमात 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोकणातल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले आहेत. मूळपुरुषाची एक शाखा देशावर गेली, तिने उपनाव बदलले, पेशा बदलला, तरी ती वृत्तांतात यावीच लागते. ती गाळली तर ग्रंथ त्या घराण्याचा राहत नाही, काही निवडक घरांचा होतो. वनस्पतींच्या गटाचेही तसेच आहे. पूर्वज आणि त्याचे 'दिसायला सारखे' वारस एवढेच घेऊन, वेगळा दिसणारा एखादा वारस बाहेर ठेवला, तर तो गट वंशावळीबद्दल खोटे सांगतो.

सागाकडे परत येऊ. १९३४ साली स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ स्वेन जुनेल यांनी व्हर्बिनेसी आणि लॅबिएटी या दोन्ही कुलांतल्या अंडाशयांची आतली रचना बारकाईने तपासली. बीजांडे अंडाशयात नेमकी कुठे चिकटतात, हा त्यांचा प्रश्न होता. घाणेरीच्या गटात ती अंडाशय घडवणाऱ्या पानासारख्या अवयवाच्या कडेवर चिकटतात. साग, शिवण, निर्गुडी यांच्यात ती कडेपासून जरा आत, अंडाशयाला चार कप्प्यांत विभागणाऱ्या पडद्यांच्या बाजूंवर चिकटतात, आणि तुळशीच्या कुलातही नेमके तेच. फुलोऱ्यातही हाच भेद आहे. घाणेरीच्या गटात एका अक्षावर फुले खालून वर क्रमाने उमलत जातात. सागाच्या मोठ्या तुऱ्यात आणि तुळशीच्या मंजिरीत मात्र प्रत्येक छोट्या झुपक्यात मधले फूल आधी उमलते आणि बाजूची नंतर. ही निरीक्षणे जनुकांचा अभ्यास सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण नव्या वर्गीकरणाला 'प्रयोगशाळेतले' म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. फिलिप कँटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली साग, निर्गुडी, शिवण, भारंगी यांना व्हर्बिनेसीतून काढून तुळशीच्या कुलात नेले. त्यानंतर पेशींतल्या हरितलवकांच्या जनुकांनीही त्याच बाजूने साक्ष दिली.

ज्याला सूक्ष्मदर्शक मिळणार नाही त्याच्यासाठीही थोडा पुरावा आहे. तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की प्रत्येक टोपीसारख्या निदलपुंजातून बारीक दाणे पडतात. ते जास्तीत जास्त चार असतात, कारण अंडाशयाचे कप्पेच चार. सागाचे फळ म्हणजे कागदासारख्या फुगीर वेष्टनातली कठीण आठोळी. ते वेष्टनही निदलपुंजच आहे, फुलानंतर वाढून राहिलेला. आठोळी आडवी कापली तर आत कप्पे चारच दिसतात. एवढ्यावरून नाते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण नाते इतर पुराव्यांनी कळल्यावर ही रचना अर्थपूर्ण होते. हेही स्पष्ट असू द्यावे की साग हा तुळशीचा जवळचा भाऊबंद नव्हे. आज या कुलाच्या १२ उपकुलांपैकी एक उपकुल एकट्या सागाच्या प्रजातीचे आहे. ही शाखा फार लवकर वेगळी झाली आहे.

तिवराची वाट तिसरीच निघाली. खाऱ्या चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, पानांतून बाहेर टाकले जाणारे मीठ, यामुळे तो इतका वेगळा दिसतो की काहींनी त्याचे स्वतंत्र कुलही केले होते. जनुकीय पुराव्याने तो अ‍ॅकँथेसीत, म्हणजे अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुलात, जाऊन बसला. घाणेरी तेवढी आपल्या जुन्या घरी, व्हर्बिनेसीत राहिली. आणि इथे बाह्य खुणांवर भरवसा ठेवणाऱ्याची मोठी अडचण होते. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, चुरगळल्यावर येणारा उग्र वास, या तीन खुणा तुळशीच्या कुलाची ओळख म्हणून शाळेत शिकवल्या जातात. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या घाणेरीत त्या तिन्ही आहेत आणि ती त्या कुलातली नाही. पारिजातकाच्या फांद्या चौकोनी आणि पाने समोरासमोर, तरी तो मोगऱ्याच्या कुलातला. खुणा खोट्या नसतात, पण एकेकटी खूण नात्याचा दाखला होऊ शकत नाही. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अनेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तरच नाते मानावे.

आता हीच कसोटी रोझमेरीला लावू. लिनिअसने फुलांची विभागणी पुंकेसरांच्या संख्येवर केली होती. तुळशीत पुंकेसर चार, दोन लांब दोन आखूड, म्हणून तुळशीचा वर्ग एक. रोझमेरीत दोनच पुंकेसर, म्हणून ती दुसऱ्या वर्गात गेली. त्या वर्गात मोगरा आणि पारिजातकही होते, कारण त्यांचेही पुंकेसर दोन. साल्व्हियाही तिथेच होती. ही विभागणी सोयीची आहे हे लिनिअसला स्वतःला ठाऊक होते, तिला तो नैसर्गिक म्हणत नव्हता. पुढे नैसर्गिक कुले आखली गेली तेव्हा रोझमेरी तुळशीच्या कुलात परतली आणि त्याबद्दल कधी वाद झाला नाही. वाद राहिला तो कुलाच्या आत तिची जागा कोणती याचा. सुईसारखी अरुंद, कडा खाली वळलेली, खालून पांढरी लव असलेली तिची पाने कोणाशीच जुळत नसल्यासारखी दिसतात. पण अशी पाने कोरड्या उन्हाळ्यातल्या झुडपांत वरचेवर होतात. वळलेल्या कडा आणि लव यांच्या आड पर्णरंध्रे झाकली जातात आणि पाणी वाचते. हवामानाला दिलेले उत्तर नात्याची खूण म्हणून धरणे धोक्याचे असते.

फुलातली गोष्ट जास्त बोलकी आहे. साल्व्हियाच्या पुंकेसरात परागकोशाचे दोन भाग एका लांब दांडीच्या दोन टोकांना गेलेले असतात आणि ती दांडी तरफेसारखी हलते. मधमाशी आत शिरताना खालचे टोक ढकलते, वरचे टोक वाकून तिच्या पाठीवर पराग लावते. जर्मनीच्या श्प्रेंगेल यांनी १७९३ साली फुलांच्या परागणावरच्या आपल्या ग्रंथात ही युक्ती वर्णन केली. रोझमेरीत तरफ नाही. प्रत्येक पुंकेसरावर परागकोशाचा एकच भाग आहे आणि केसरदांड्याच्या बाजूला एक छोटासा दात आहे. तरफ नाही म्हणून साल्व्हिया नाही, असा हिशेब दोन शतके चालला. पण दोनच पुंकेसर आणि त्या प्रत्येकाचा निम्माच परागकोश कामाचा, ही साल्व्हियाच्या वाटेवरची रचना आहे, आणि त्या दाताकडे दांडीच्या दुसऱ्या टोकाचा अवशेष म्हणून पाहता येते.

२००४ साली जे वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरितलवकांच्या जनुकांवरून साल्व्हियाची वंशावळ मांडली. निष्कर्ष असा निघाला की साल्व्हिया म्हणून ओळखला जाणारा समूह सलग नाही. त्याच्या फांद्यांच्या मधोमध रोझमेरी आणि इतर काही छोट्या प्रजाती उगवल्या आहेत. युरोपच्या स्वयंपाकातला सेज, म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, हा अमेरिकेतल्या चियाला जितका जवळचा आहे त्यापेक्षा रोझमेरीला जास्त जवळचा आहे. चियाला साल्व्हिया म्हणायचे आणि रोझमेरीला म्हणायचे नाही, याचा अर्थ लांबच्या चुलत भावाला घरात घेऊन सख्ख्याला दाराबाहेर ठेवणे. वॉकर आणि केनेथ सिट्स्मा यांनी २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. तरफेची रचना साल्व्हियात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडली आहे. म्हणजे जी खूण प्रजातीचा शिक्का मानली होती तीच अनेक वेळा नव्याने आली होती. कुक यांच्या पेटीत जे झाले तेच इथे झाले, फक्त उलट बाजूने. तिथे जुनी, सर्वांकडची खूण प्रमाण मानली गेली, इथे अनेकदा आलेली.

रोझमेरीची रानटी भावंडे फार नाहीत. एक जात उत्तर आफ्रिकेत आणि स्पेनच्या आग्नेय भागात आहे, दुसरी फक्त दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यालगतच्या खडकांवर. त्यांतल्या पहिलीला आता साल्व्हिया जॉर्डनाय आणि दुसरीला साल्व्हिया ग्रॅनाटेन्सिस म्हणतात. त्यांच्यापलीकडे ज्या चार छोट्या प्रजाती साल्व्हियात विलीन झाल्या, त्यांतली एक तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागातली, एक दक्षिण इराणमधली, 'पेरोव्स्किया' मध्य आशियापासून पश्चिम हिमालयापर्यंतची आणि 'मेरिअँड्रा' हिची एक जात पश्चिम हिमालयातली. म्हणजे रोझमेरीचे बऱ्यापैकी जवळचे नातलग भारतात रानटी आहेत, फक्त कोकणात नाहीत. कोकणात आणि सह्याद्रीत आहेत ते पुढच्या पायरीवरचे. तुळस आणि पानओवा हे रोझमेरीच्याच उपकुलातले. या उपकुलातल्या परागकणांना सहा खाचा असतात. कुंभा, दीपमाळ आणि पावसाळ्यात सड्यांवर गालिचे पसरणारी जांभळी मंजिरी यांच्या परागकणांना तीन. गुनार एर्ट्मन यांनी १९४५ साली या भेदावरच कुलाची विभागणी सुचवली होती. रोझमेरीतून १९५८ साली इटलीच्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केलेले रोझमेरिनिक आम्ल तुळशीतही मिळते. मात्र तेच आम्ल बोरेजिनेसी या दूरच्या कुलातल्या अनेक वनस्पतींतही मिळते, म्हणून एकट्या रसायनावर मी भिस्त ठेवणार नाही. परागकण, रसायन आणि जनुक तिन्ही एकाच दिशेला जातात, हे महत्त्वाचे.

लॅव्हेंडरबद्दल इथे सांगितलेच पाहिजे. दुकानात रोझमेरी आणि लॅव्हेंडर शेजारी असतात. दोन्ही भूमध्य प्रदेशातली, दोन्हींची पाने अरुंद आणि राखाडी झाक असलेली. पण लॅव्हेंडर वंशावळीत तुळशीच्या शाखेवर आहे, रोझमेरीच्या नाही. आणि लॅव्हेंडरची रानटी जात बघायला युरोपात जावे लागत नाही. लॅव्हेंड्युला बायपिनाटा दख्खनच्या माळांवर पावसाळा सरताना फुलते, आणि लॅव्हेंड्युला गिब्सनाय ही जात तर सह्याद्रीचीच. मुंबई इलाख्यातले पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्या नावाची ती आठवण आहे. सब्जा आणि चिया यांचेही तसेच. दोन्हींचे दाणे पाण्यात टाकले की फुगून बुळबुळीत होतात, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरे वापरतात. पण सब्जा हा तुळशीच्या प्रजातीतला आणि चिया रोझमेरीच्या.

आता उरलेले आक्षेप. पहिला असा की साल्व्हियाच फोडून तिच्या सलग तुकड्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे रोझमरायनस वाचेल. तर्काने हा मार्ग बंद नाही आणि काही तज्ज्ञांनी तो गांभीर्याने मांडला आहे. पण नावाचे नियम असे आहेत की 'साल्व्हिया' हे नाव सेज ज्या तुकड्यात आहे त्याच्याकडे जाईल. अमेरिकेतल्या पाचशेहून अधिक जाती, बागेतला लाल साल्व्हिया आणि चिया यांच्यासह, नाव गमावतील. याउलट पाच छोट्या प्रजाती विलीन केल्या तर अवघ्या १५ जातींची नावे बदलतात. ब्रायन ड्रू आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या लेखाचा रोख हाच होता आणि मला तो निर्णायक वाटतो. दोन्ही मार्ग नियमात बसत असतील तर कमीत कमी मोडतोडीचा घ्यावा. शिवाय 'साल्व्हिया रोझमरायनस' हे नाव एकोणिसाव्या शतकातच सुचवले गेले होते, ते नव्याने घडवावे लागले नाही. 'ऑफिसिनॅलिस' हा शेवटचा भाग सोबत नेता आला नाही, कारण साल्व्हिया ऑफिसिनॅलिस हे नाव सेजचे आधीपासून होते आणि एका प्रजातीत एकाच नावाच्या दोन जाती असू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. औषधांच्या पाकिटांवर, रोपवाटिकांच्या याद्यांत, शेतकऱ्याला दिलेल्या पत्रकांत शास्त्रीय नाव हाच भरवशाचा दुवा असतो. तो दर दहा वर्षांनी हलला तर त्याचा उपयोग काय? पानओव्याचे उदाहरण या आक्षेपाला बळ देते. कोकणात ज्याची भजी करतात तो हा पानओवा १७९० साली कोलियस अंबॉइनिकस या नावाने नोंदला गेला, पुढे प्लेक्ट्रँथसमध्ये गेला आणि २०१९ साली पुन्हा कोलियसमध्ये आला. इतक्या फेऱ्यांनी वैताग येणे स्वाभाविक आहे. तरी मी दोन गोष्टी सांगेन. पहिली, या सगळ्या प्रवासात 'अंबॉइनिकस' हा भाग टिकून राहिला आणि जुनी सर्व नावे पर्यायी नावे म्हणून नोंदीत राहतात, त्यामुळे दुवा तुटत नाही, थोडा लांब होतो. दुसरी, आजची फेरी आणि मागची यांत गुणाचा फरक आहे. प्लेक्ट्रँथसची जुनी आखणी फुलांच्या काही खुणांवर होती. कोलियसची आजची आखणी वंशावळीवर आहे, आणि वंशावळ जितक्या जास्त जनुकांनी तपासली जाते तितकी ती हलण्याची शक्यता कमी होते. नाव एकदा बदलण्याची किंमत मोजून ते स्थिर होत असेल, तर ती किंमत योग्य आहे. तुळशीलाही लिनिअसनेच दोन नावे दिली होती, १७५३ साली ऑसिमम टेन्युफ्लोरम आणि १७६७ साली ऑसिमम सँक्टम. आज आधीचे नाव वैध धरतात आणि दुसरे अजूनही हजारो पुस्तकांत आहे. त्यामुळे तुळशीच्या ओळखीत कधी घोटाळा झालेला नाही.

तिसरा आक्षेप असा की वंशावळच बदलली तर? संकरामुळे हरितलवकातली जनुके आणि केंद्रकातली जनुके वेगवेगळी कथा सांगू शकतात, हे खरे आहे, आणि साल्व्हियाच्या काही जातींच्या बाबतीत बारीकसारीक मतभेद आहेत. पण रोझमेरी साल्व्हियाच्या आत पडते हा निष्कर्ष एका प्रकारच्या जनुकांवर उभा नाही. केंद्रकातल्या जनुकांच्या अभ्यासातही तो टिकला आहे. ज्याला तो खोडायचा असेल त्याने दुसरी वंशावळ पुराव्यासह मांडावी. नुसते 'ती वेगळी दिसते' हे उत्तर साग आणि तिवराने केव्हाच बाद केले आहे.

म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांच्या आवारातल्या झाडांवर पाट्या लावणाऱ्यांना, वनस्पतींच्या याद्या करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि रोपे विकणाऱ्यांना एक विनंती आहे. सागाच्या, निर्गुडीच्या, शिवणीच्या पाटीवर अजून व्हर्बिनेसी लिहिले असेल तर तिथे लॅमिएसी लिहावे, आणि खाडीतल्या तिवराच्या नोंदीत अ‍ॅकँथेसी. कुंडीतल्या रोझमेरीच्या पाटीवर साल्व्हिया रोझमरायनस हे नाव वर आणि रोझमरायनस ऑफिसिनॅलिस हे जुने नाव त्याखाली बारीक अक्षरांत लिहावे, म्हणजे जुने पुस्तक घेऊन येणाऱ्यालाही रोप सापडेल.